तोच फॉल्ट कोड परत परत येतोय? इंजिन आणि गिअरबॉक्सच्या कोडचा माग असा काढा

चेक इंजिनचा दिवा लागतो, गॅरेजवाला स्कॅनर लावून कोड उडवतो, चार दिवस बरे जातात आणि माजिवड्याच्या सिग्नलला उभं असताना दिवा पुन्हा पेटतो. मग एक सेन्सर बदलला जातो. पंधरा दिवसांनी तोच कोड. मग दुसरा सेन्सर, मग "ईसीएम गेला असेल" (म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर) अशी शंका, आणि तोवर बिल पाच आकड्यांत गेलेलं असतं. ठाणे-नवी मुंबईत गाडी वापरणाऱ्या बऱ्याच जणांनी हे भोगलंय. यात दरवेळी कुणाची लबाडी असते असं नाही. बहुतेक वेळा तपासणीचा क्रम चुकलेला असतो.

कोड म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेली तक्रार. "तीन नंबरचा सिलिंडर मिसिंग मारतोय" (म्हणजे त्यातलं इंधन नीट पेटत नाही) एवढंच तो सांगतो. दोष प्लगचा, कॉईलचा, इंजेक्टरचा, वायरचा की व्हॉल्व्हचा, हे त्याला ठाऊक नसतं. तोच कोड परत येतो याचा अर्थ तो तीच चाचणी पुन्हा घेतोय आणि ती पुन्हा नापास होतेय. मूळ कारण जागच्या जागी आहे. म्हणून या लेखाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: भाग बदलण्याआधी तो भागच खराब आहे हे सिद्ध करा.

सामान फार लागत नाही. एक ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारं यंत्र), मोबाइलवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप, एक डिजिटल मल्टिमीटर, टॉर्च आणि वही. स्कॅनर अगदी स्वस्तातला घेऊ नका. नकली चिपवाले काही स्कॅनर अर्धवट माहिती दाखवतात किंवा मध्येच संपर्क तोडतात, आणि मग दोष गाडीचा की स्कॅनरचा हेच कळत नाही. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष तपासून नोंदवायची प्रमाणित पद्धत) लागू झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट मिळेलच.

पहिली पायरी: कोड उडवू नका, लिहून घ्या

कोड उडवला की त्याच्यासोबत सगळा पुरावाही पुसला जातो. कोड नोंदवताना कॉम्प्युटर त्या क्षणाचं चित्र साठवून ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. त्यात इंजिनचे आरपीएम, गाडीचा वेग, कूलंटचं तापमान, इंजिनवरचा भार आणि इंधनाची दुरुस्ती (कॉम्प्युटरने इंधन किती टक्के वाढवलं-घटवलं) हे आकडे असतात. कूलंट ३२ अंश, वेग शून्य, आरपीएम ९०० असं दिसलं तर बिघाड सकाळी थंड इंजिनवर, पार्किंगमध्येच झालेला आहे. कूलंट ९२ अंश, वेग ४०, भार ८५ टक्के असेल तर गाडी बहुधा चढावर होती. या दोन बिघाडांची कारणं अगदी वेगळी असतात. कोडचा आकडा मात्र दोन्हीकडे एकच असू शकतो.

ॲपमध्ये कोड तीन प्रकारचे दिसतील. 'पेंडिंग' म्हणजे एकदा संशय आला आहे. 'कन्फर्म्ड' किंवा 'स्टोअर्ड' म्हणजे संशय पक्का झाला आणि दिवा लागला. काही गाड्यांत 'पर्मनंट' असतो, तो स्कॅनरने उडत नाही. संबंधित चाचणी पास झाल्यावर गाडी स्वतःच तो काढते. बरेचसे कोड पक्के व्हायला लागोपाठ दोन फेऱ्यांत चाचणी नापास व्हावी लागते. उडवलेला कोड दोन-चार दिवसांनी परत येतो तो यामुळे. मधले दिवस गाडी बरी झालेली नसते, चाचणीची वेळ आलेली नसते, इतकंच.

कोड, त्याचा प्रकार आणि फ्रीझ फ्रेम यांचे स्क्रीनशॉट काढा. वहीत तारीख, किलोमीटर, पाऊस होता का, एसी चालू होता का, टाकीत इंधन किती होतं आणि गाडी सीएनजीवर होती की पेट्रोलवर, हे लिहा. शेवटची नोंद आपल्या भागात फार महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुढे येतो.

एक सावधगिरी. दिवा स्थिर जळत असेल तर गाडी जपून घरी नेता येते. दिवा लुकलुकत असेल तर मिसिंग इतकं जास्त आहे की न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन तो भाजून काढतंय. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडा आणि सुरक्षित जागा बघून थांबा. ऑइल प्रेशर किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर इंजिन तिथल्या तिथे बंद करा. मग कोपरी पुलावर मागून कितीही हॉर्न वाजोत.

दुसरी पायरी: कोड वाचायचा कसा

पहिलं अक्षर विभाग सांगतं. 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, 'सी' म्हणजे ब्रेक-सस्पेन्शन, 'बी' म्हणजे बॉडी, 'यू' म्हणजे कॉम्प्युटरांचं आपापसातलं बोलणं. पुढचा आकडा शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना समान आहे. एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा, आणि त्याचा अर्थ त्या कंपनीच्याच माहितीत बघावा लागतो. तिसऱ्या जागेवर १ किंवा २ म्हणजे हवा-इंधन, ३ म्हणजे इग्निशन आणि मिसिंग, ४ म्हणजे धूर-नियंत्रण, ५ म्हणजे वेग आणि आयडलिंग, ६ म्हणजे कॉम्प्युटर आणि त्याचे सर्किट, ७ ते ९ म्हणजे गिअरबॉक्स.

कोडच्या वर्णनातले शेवटचे शब्द लोक वाचतच नाहीत, आणि खरा धागा बरेचदा तिथेच असतो. 'सर्किट लो' आणि 'सर्किट हाय' या वायरिंगकडे बोट दाखवणाऱ्या गोष्टी आहेत. 'परफॉर्मन्स' म्हणजे सिग्नल येतोय, पण बाकीच्या माहितीशी जुळत नाही. कूलंट सेन्सरचं उदाहरण घ्या. पी०११८ म्हणजे सर्किट हाय. त्यामागे सेन्सर तरी आतून तुटलेला असतो किंवा वायर किंवा कपलर (वायरींचा जोड) सुटलेला असतो. इंजिन गार असताना कपलर काढा, ॲपमध्ये लाइव्ह डेटा (सेन्सरचे चालू आकडे) बघा. उणे ४० अंशांच्या आसपास दिसेल. आता वायरच्या छोट्या तुकड्याने कपलरच्या दोन पिना एकमेकींना जोडा. आकडा झटकन वर, १३० अंशांच्या पुढे गेला तर वायरिंग आणि ईसीएम दोन्ही ठीक आहेत, सेन्सर बदला. आकडा हललाच नाही तर नवा सेन्सर टाकून पैसे वाया जातील; वायर कुठे तुटली ते शोधा. ही चाचणी दोन वायरींच्या तापमान सेन्सरसाठीच आहे. तीन वायरींच्या सेन्सरला पिना अशा जोडू नका.

एकाच वेळी सात-आठ कोड आले तर यादीत वर असलेल्या कोडपासून सुरुवात करू नका. आधी व्होल्टेजचे कोड बघा, जसा पी०५६२. मग 'यू'ने सुरू होणारे. मग कुठले सेन्सर एकत्र पडलेत ते बघा. बरेच सेन्सर ईसीएमकडून येणाऱ्या एकाच पाच व्होल्टच्या वायरवर चालतात. त्यातला एक शॉर्ट झाला की बाकीचे निर्दोष सेन्सरही चुकीचं बोलू लागतात. तीन सेन्सरचे कोड एकाच मिनिटाला आले असतील तर तिन्ही एकदम बिघडले असं मानण्यात अर्थ नाही. त्यांच्यात सामाईक काय आहे ते शोधायचं.

तिसरी पायरी: बॅटरी आणि अर्थ

ही पायरी लोक सर्रास गाळतात. मी मात्र हिच्याशिवाय पुढे जातच नाही.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी, काहीही चालू न करता, मीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी किंवा तिच्या जोडण्या संशयित. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.५ ते १४.७ मिळायला हवेत. नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटरच्या हातात असतं, तिथे आकडा मधूनमधून खाली आला तर लगेच अल्टरनेटरला दोष देऊ नका. हेडलाइट, एसी, ब्लोअर लावून पुन्हा बघा.

आता अर्थ (अर्थिंग), म्हणजे इंजिन-बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत नेणारी जोडणी. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरा इंजिनच्या उघड्या स्वच्छ धातूवर. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, हात आणि वायरी बेल्ट-फॅनपासून लांब. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मीटरवर ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी दिसलं तर अर्थ चांगला. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर तेवढं व्होल्टेज वाटेतच खर्च होतंय. हीच मोजणी गिअरबॉक्सच्या घरावर आणि बॉडीवर करा.

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंची एएमटी (क्लच-गिअर आपोआप बदलणारी) हॅचबॅक घोडबंदर रोडच्या गर्दीत मध्येच न्यूट्रलला जायची आणि डॅशबोर्डवर गिअरचा दिवा लुकलुकायचा. गॅरेजने गिअर ॲक्च्युएटर (गिअर टाकणारं यंत्र) बदलायचं अंदाजपत्रक दिलं होतं. स्कॅनरवर ॲक्च्युएटरचा कोड होता खरा, पण सोबत कमी व्होल्टेजचा पी०५६२ आणि गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरशी संपर्क तुटल्याचा यू०१०१ हेही होते. बॅटरी नवी, १२.६ व्होल्ट. सेल्फ मारताना निगेटिव्ह खांब आणि गिअरबॉक्स यांच्यात मात्र मीटरने जवळजवळ एक व्होल्ट दाखवला. गिअरबॉक्सवरची अर्थची पट्टी वरून ठीक दिसत होती. बोल्ट काढला तर खालचा धातू पांढुरक्या-हिरव्या थराने झाकलेला, आणि पट्टीच्या टोकाच्या तारा बोटाने दाबल्या की भुगा होत होत्या. नवी पट्टी आली, बोल्टखालची जागा चकचकीत होईपर्यंत घासली, वरून ग्रीस लावलं. तिन्ही कोड गेले आणि ॲक्च्युएटर जुनाच चालू राहिला. एएमटीचा ॲक्च्युएटर एका झटक्यात बराच करंट ओढतो. अर्थ अशक्त असला की सगळ्यात आधी तोच अडखळतो.

चौथी पायरी: वायरिंग, कपलर आणि आपला पावसाळा

खाडीच्या दोन्ही काठांवर, म्हणजे ठाण्यापासून ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूरपर्यंत, हवा दमट आणि खारट. कपलरच्या आत हिरवा गंज धरायला एवढं पुरतं. त्यात जुलैत वंदना टॉकीजच्या परिसरासारख्या ठिकाणी साचणारं पाणी. आणि उंदीर. उघड्या पार्किंगमध्ये किंवा स्टॅकच्या खालच्या मजल्यावर गाडी चार दिवस उभी राहिली तर बोनेटखाली घरटं झालंय का ते बघाच. एअर फिल्टरच्या डब्याखाली, बॅटरीच्या ट्रेमागे आणि फायरवॉलच्या इन्सुलेशनमध्ये टॉर्च मारा. लेंड्या, कागदाचे तुकडे, कुरतडलेलं फोम दिसलं की शेजारची प्रत्येक वायर हाताने तपासा.

पूर्ण तुटलेली वायर शोधणं सोपं असतं. छळते ती अर्धवट कुरतडलेली. समजा क्रँक सेन्सरच्या (इंजिनचं फिरणं मोजणारा) वायरचं आवरण बोटभर लांबीत सोललं गेलंय आणि आतला तांब्याचा भाग ब्रॅकेटपासून दोन मिलिमीटरवर आहे. आयडलिंगला काहीच होत नाही. गाडी गायमुखच्या चढाला लागते, इंजिन माउंटिंगवर मागे झुकतं, वायर ब्रॅकेटला टेकते, गाडी झटका देते आणि पी०३३५ नोंदला जातो. गॅरेजमध्ये सपाट जमिनीवर सगळं ठीक. फ्रीझ फ्रेममधला भार वाचला असेल तर इंजिन हलल्यावरच दोष येतो हे आधीच सुचलेलं असतं.

यासाठी हलवून बघण्याची चाचणी करा. इंजिन आयडलिंगला, लाइव्ह डेटा समोर, आणि एक माणूस हार्नेस (वायरींचा जुडगा) वीतभर-वीतभर करत हलकेच हलवतोय, कपलर दाबतोय, वळवतोय. आकडा उडी मारेल किंवा इंजिन दचकेल ती जागा खुणेच्या टेपने बांधा. गरम मॅनिफोल्ड आणि फिरता फॅन सांभाळा. ज्या कपलरचा संशय आहे तो उघडून पिना बघा: हिरवा थर, मागे सरकलेली पिन, सैल पडलेली पकड. साफ करायला कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा, सँडपेपर नको. त्याने पिनेवरचा मुलामा जातो. वायरीत टाचणी खुपसून व्होल्टेज मोजायची सवय असलेल्याला नम्रपणे थांबवा. त्या भोकातून दमट हवा आत जाते आणि वर्षभरात वायर आतून काळी पडते. जोड द्यायचा असेल तर सोल्डर किंवा नीट क्रिंप करून वर गरम करून बसणारी स्लीव्ह चढवा. नुसती काळी टेप एका पावसाळ्यात सुटते.

'यू' कोड परत परत येत असतील तर बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमधला (कॉम्प्युटरांच्या आपापसातल्या बोलण्याची लाइन) रोध मोजा. अनेक गाड्यांत तो ६० ओहमच्या जवळ येतो. १२० आला तर लाइनचं एक टोक सुटलंय. शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात.

पाचवी पायरी: इंजिनचे नेहमीचे परतणारे कोड

मिसिंगपासून सुरुवात करू. पी०३०० म्हणजे कुठल्याही सिलिंडरला, पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या-त्या नंबरच्या सिलिंडरला. पी०३०३ आला असेल तर तीन नंबरची कॉईल एक नंबरला आणि एकची तीनला लावा, नोंद ठेवून कोड उडवा आणि गाडी चालवा. कोड पी०३०१ झाला तर कॉईल दोषी. तीनच राहिला तर हाच खेळ प्लगसोबत, मग शक्य असल्यास इंजेक्टरसोबत. तरीही तीनच राहिला तर कॉम्प्रेशन तपासा. या अदलाबदलीला एक रुपयाही लागत नाही, तरी नवी कॉईल टाकून बघण्याचा आग्रह का होतो हे मला कळत नाही. कॉईल काढल्यावर प्लगच्या विहिरीत टॉर्च मारा. पाणी असेल तर बोनेटखाली प्रेशरने पाणी मारणारं धुणं बंद करा आणि कॉईलचं रबर बघा. ऑइल असेल तर हेड कव्हरचं सील गेलंय.

सीएनजीवाल्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. सीएनजीत ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून पेट्रोलवर मजेत चालणारा झिजलेला प्लग सीएनजीवर मिसिंग मारतो. वहीतली "कुठल्या इंधनावर" ही नोंद आता उपयोगी पडते. बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग सीएनजीवर जातात. काही दिवस फक्त पेट्रोलवर, काही दिवस जास्तीत जास्त सीएनजीवर चालवून बघा. कोड फक्त सीएनजीवर येत असेल तर प्लग, गॅसचा फिल्टर, रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा) आणि गॅस इंजेक्टर तपासा. पेट्रोलच्या पंपाला हात लावू नका. फक्त पेट्रोलवर येत असेल तर वर्षानुवर्षं जेमतेम वापरलेले पेट्रोल इंजेक्टर जाम झालेले असू शकतात. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी कापून किटचं हार्नेस जोडलेलं असतं. ते जोड आधी बघा. बाहेरच्या किटचं ट्यूनिंग बिघडलं असेल तर ईसीएम गॅसवर शिकलेली चुकीची दुरुस्ती पेट्रोललाही लावतो आणि दोन्हीकडे गोंधळ उडतो.

पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त किंवा इंधन कमी. इथे इंधनाच्या दुरुस्तीचे दोन आकडे बघायचे: शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म. दोघांची बेरीज अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नाही. इंजिन गरम करून आधी आयडलिंगला, मग २५०० आरपीएमला धरून बघा. आयडलिंगला अधिक १८ आणि २५०० ला अधिक ४ असेल तर इनटेकमध्ये कुठून तरी चोरटी हवा येतेय: फुटलेला व्हॅक्यूम पाइप, गॅस्केट, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ इनटेकमध्ये परत नेणारी) नळी. उलट, आयडलिंगला ठीक आणि रेस दिली, भार टाकला की आकडा वाढत जातो, तर इंधन कमी पडतंय (पंप, फिल्टर, दाब) किंवा हवा मोजणारा सेन्सर कमी मोजतोय. एक बारकावा: मास एअर फ्लो सेन्सर नसलेल्या, मॅनिफोल्डचा दाब मोजून चालणाऱ्या छोट्या गाड्यांत चोरटी हवा बरेचदा वाढलेल्या आयडलिंगमधून दिसते, दुरुस्तीचे आकडे तितके बिघडत नाहीत. गळती शोधायला धूर सोडणारं यंत्र असलेलं गॅरेज गाठा. गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून बघणं आगीला आमंत्रण आहे.

आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जाळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. त्यामुळे जुन्या गाडीत दुरुस्तीचे आकडे सगळ्या आरपीएमला सारखेच थोडे वर सरकतात. गाडी आधीच अधिक आठवर असेल तर एवढ्याने ती कोडच्या उंबरठ्यावर पोचते. पण सगळा दोष पेट्रोलवर टाकून मोकळं होऊ नका. आधीचं अधिक आठ कशामुळे होतं ते शोधा.

पी०४२० आला की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदला असं सांगतात, आणि तो महाग भाग आहे. त्याआधी मिसिंग किंवा मिश्रणाचे कोड आहेत का ते बघा. असतील तर आधी ते. सायलेन्सरच्या पाइपला सेन्सरांच्या आसपास गळती असेल तरी हा कोड येतो. मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा आलेख गरम इंजिनवर जवळपास सपाट राहायला हवा. पुढच्या सेन्सरसारखाच तो वर-खाली नाचत असेल, गळती नसेल आणि मिश्रण ठीक असेल, तेव्हाच कन्व्हर्टरचं नाव घ्या. मिसिंग तसंच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला तर तोही जळेल.

पी०१२८ म्हणजे इंजिन वेळेत गरम होत नाही. कूलंटची पातळी बघा, ती ठीक असेल तर बहुतेक वेळा उघडा अडकलेला थर्मोस्टॅट. उकाड्यात गाडी थंड राहतेय म्हणून बरं मानू नका, इंधन जास्त जातं.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात. बीएस-६ डिझेलमध्ये पी२४६३ सारखा काजळीचा कोड परत येत असेल तर गाडीचा वापर बघा. नेरूळहून वाशी स्टेशन आणि परत, एवढ्या फेऱ्यांत डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) कधीच पुरेसा तापत नाही. इंजिन गरम झाल्यावर सलग वीसेक मिनिटं एका लयीत चालवणं त्याला अधूनमधून लागतं. तेवढं करूनही कोड आला तर ईजीआर (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारा व्हॉल्व्ह), इंजेक्टर किंवा टर्बोच्या पाइपातून जास्तीची काजळी का येतेय ते शोधा. नुसतं स्कॅनरने बळजबरीचं रीजनरेशन (साठलेली काजळी जाळणं) करत राहू नका.

सहावी पायरी: गिअरबॉक्स

पी०७०० आला म्हणून गिअरबॉक्स उघडायला देऊ नका. हा फक्त निरोप आहे: "गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये कोड आहे, तिकडे बघा." खरा कोड वाचायला त्या कॉम्प्युटरशी बोलणारा स्कॅनर लागतो, साधं ब्लूटूथ यंत्र बरेचदा तिथपर्यंत पोचत नाही. वागळे इस्टेट, रबाळे किंवा तुर्भ्याच्या बाजूला मोठा स्कॅनर असलेलं गॅरेज शोधा आणि सगळ्या मॉड्यूल्सचा पूर्ण रिपोर्ट छापून मागा.

पी०७१५ इनपुट स्पीड सेन्सरचा, पी०७२० आउटपुटचा, पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर चुकीचं. हे एकत्र आले तर आधी सेन्सर आणि त्यांच्या वायरी. कारण गुणोत्तर मोजलंच जातं त्या दोन सेन्सरांवरून. मोजणारा चुकला तर गिअर घसरतोय असा खोटा निष्कर्ष निघतो. सेन्सरचे दोन्ही आकडे एकत्र आलेखावर काढा आणि गाडी हळूहळू वेगात न्या. एखाद्याचा आकडा क्षणभर शून्यावर आदळला तर वायर किंवा सेन्सर. दोन्ही आलेख स्वच्छ आहेत आणि इंजिनचे आरपीएम वाढतात पण वेग वाढत नाही, तर घसरण खरी आहे.

पुढचं गिअरबॉक्सच्या जातीवर ठरतं. भारतात २०१४ च्या सेलेरिओपासून रुळलेल्या एएमटीमध्ये आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो आणि क्लच दाबायचं, गिअर टाकायचं काम ॲक्च्युएटर करतो. तिथे क्रम असा ठेवा: बॅटरी-अर्थ, ब्रेकचा स्विच, ॲक्च्युएटरच्या तेलाची पातळी आणि गळती, मग क्लचची झीज. ब्रेकचा स्विच वाचताना क्षुल्लक वाटतो. पण ब्रेक दाबल्याचं कॉम्प्युटरला कळलं नाही तर गाडी सुरूच होत नाही किंवा गिअरमध्ये जात नाही. पेडल दाबा, मागचे दिवे बघा आणि लाइव्ह डेटातही ब्रेकची नोंद बदलते का ते बघा. क्लच प्लेट बदलल्यावर क्लच कुठे पकडतो हे कॉम्प्युटरला स्कॅनरने शिकवावं लागतं; ते राहिलं तर नव्या प्लेटवरही झटके आणि कोड येतात. आणि मुंब्रा बायपासच्या चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक वापरा. एएमटीचा क्लच तसाच जळतो.

सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांनी (हे आणखी दोन प्रकारचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) तेल आधी बघावं. पी०८६८ सारखा कमी दाबाचा कोड कमी तेलामुळे किंवा चुकीच्या तेलामुळेही येतो. सीव्हीटीला त्या कंपनीने सांगितलेलंच तेल लागतं, "सगळ्यांना चालतं" असं सांगून दिलेलं नको. पातळी ठरावीक तापमानालाच मोजतात, त्यामुळे गरमागरम गाडीवर घाईत बघितलेली पातळी फसवते. पी०७५० सारखा सोलेनॉइडचा कोड आला तर त्याचा रोध बाकीच्या सारख्या सोलेनॉइडशी ताडून बघा, गार असताना आणि तापल्यावर दोन्ही वेळा. कोरड्या क्लचच्या डीसीटीमध्ये (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) तासभराच्या रांगेत क्लच तापल्याचे कोड येतात. फ्रीझ फ्रेममध्ये क्लचचं तापमान जास्त आणि वेग कासवाचा असेल, तर पुढच्या गाडीमागे इंच-इंच सरकणं सोडून थोडं अंतर पडू द्या आणि मग एकदम पुढे जा. तेवढ्याने कोड थांबला तर गिअरबॉक्स खोलायची गरज नाही.

सातवी पायरी: दुरुस्ती झाली हे सिद्ध करा

कोड उडवून दिवा बंद दिसला, एवढ्यावर बिल देऊ नका. उडवल्यावर ॲपमध्ये 'रेडिनेस' किंवा 'मॉनिटर' या पानावर बऱ्याच चाचण्या अपूर्ण दिसतील. त्या पूर्ण व्हाव्या लागतात. त्यासाठी रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी थंड सुरू करा, दोन-तीन मिनिटं आयडलिंगला ठेवा, मग थोडा गर्दीचा रस्ता आणि नंतर एका लयीत लांबचा टप्पा. पहाटे वाशी ते बेलापूर पाम बीच रोड यासाठी उत्तम. वेगमर्यादेतच, पण ॲक्सिलरेटर न हलवता सलग जाता येतं. मधे ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून गाडी आपोआप मंदावू द्या, काही चाचण्या तेव्हाच होतात. ठाण्यात राहत असाल तर ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे सकाळी सहाच्या आत. टाकी पाव ते पाऊण भरलेली ठेवा, इंधनाच्या वाफेची चाचणी साधारण त्या मर्यादेतच होते.

आणि मूळ फ्रीझ फ्रेमची परिस्थिती मुद्दाम पुन्हा आणा. कोड चढावर, ८५ टक्के भाराला आला होता ना? मग पारसिक हिल किंवा गायमुखचा चढ घ्या. पावसात आला होता? मग पावसात चालवा. सोबतच्या माणसाला ॲप बघू द्या, तुम्ही रस्ता बघा. परत आल्यावर कन्फर्म्डबरोबर पेंडिंगही तपासा. दिवा लागलेला नसतो, पण पेंडिंगमध्ये तोच कोड बसलेला असतो, असं पुष्कळदा होतं.

गॅरेजला गाडी देताना वहीतली पानं आणि स्क्रीनशॉट सोबत द्या. "हा भाग खराब आहे हे कुठल्या मोजणीवरून ठरवलं?" हे शांतपणे विचारा. चांगला मेकॅनिक मीटरचा आकडा किंवा आलेख दाखवतो, आणि या प्रश्नाने त्याला बरंच वाटतं. जुना भाग परत मागा. गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः वायर कापणं-जोडणं करू नका. मोजण्या करा, नोंदी ठेवा आणि अधिकृत सेंटरला जॉब कार्डवर कोडचा आकडा आणि तो कधी येतो हे लिहायला लावा. नुसतं "चेक इंजिन लाइट" लिहिलेलं असेल तर सही करण्याआधी दुरुस्त करून घ्या. पुढच्या वेळी तोच कोड आला तर तीच नोंद वॉरंटीच्या दाव्याला लागते.

कोड परत आलाच, तर आधी नवी आणि जुनी फ्रीझ फ्रेम शेजारी ठेवा. आकडे तेच असतील तर कारण अजून सापडलेलं नाही, तिसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरू करा. आकडे बदलले असतील, म्हणजे आधी थंड इंजिनवर येणारा आता गरम इंजिनवर भाराखाली येत असेल, तर पहिलं कारण गेलेलं असू शकतं आणि हे दुसरं आहे. तेव्हा वहीचं नवं पान घ्या.